इडलीचे पीठ का फसते? घरगुती किण्वनातील दोष आणि दुरुस्ती

मुंबईतील एखादे मराठी कुटुंब बंगळूरच्या दक्षिण भागातील बनशंकरी येथे बिऱ्हाड हलवते. इडलीचे प्रमाण वर्षानुवर्षांचे तेच, भांडी तीच, हातही तोच. मुंबईत रात्री आठ वाजता वाटून ठेवलेले पीठ पहाटेपर्यंत पातेल्याच्या काठाशी येत असे; येथे डिसेंबर महिन्यात सकाळी झाकण उघडावे, तर ते होते तेवढेच असते. न्याहारीची वेळ टळते. मग कोणी चमचाभर खायचा सोडा घालून वेळ मारून नेतो, तर कोणी सगळे पीठ टाकून देतो. वस्तुतः हे दोन्ही उपाय बहुधा अनावश्यक असतात. पीठ बिघडलेले नसते. त्याचे काम अर्धवट राहिलेले असते. हा फरक ओळखता येण्यासाठी पिठात काय घडते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

पीठ फुगते कशामुळे?

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘इड्डरिका’ हा पदार्थ आढळतो. तो केवळ उडदाचा होता. तांदळाची भर, रात्रभर आंबवणे आणि वाफेवर शिजवणे ही आजच्या इडलीची लक्षणे पुढील काळातील आहेत.

आंबण्याच्या क्रियेचा महत्त्वाचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला. ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइडिस हा जंतू पीठ फुगवण्यास मुख्यतः कारणीभूत असतो, असे त्यात आढळले. स्ट्रेप्टोकोकस फीकॅलिस या जंतूचाही आम्ल तयार होण्यास हातभार लागतो. हे जंतू कोठून आणावे लागत नाहीत. डाळतांदळाबरोबरच ते घरात येतात. भिजवताना त्यांची वाढ सुरू होते आणि वाटल्यानंतर ती झपाट्याने होते. शर्करेपासून ते लॅक्टिक आम्ल व कार्बन डायऑक्साइड वायू तयार करतात. आम्लामुळे आंबटपणा येतो आणि वायूमुळे पीठ वर चढते.

परंतु वायू निर्माण होणे पुरेसे नाही. तो कोंडून ठेवणारे कोणीतरी हवे. गव्हात हे काम ग्लुटेन करते. तांदळात किंवा उडदात ग्लुटेन नाही. येथे उडदातील प्रथिने व बुळबुळीत बहुशर्करा मिळून वायूच्या बुडबुड्यांभोवती चिवट पडदा धरतात. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत उडदाच्या या गुणावर संशोधन झालेले आहे.

बिअर बनवणाऱ्याच्या पद्धतीशी तुलना केली, तर ही क्रिया अधिक स्पष्ट होते. तो माल्टाचा अर्क पाण्यात उकळून त्यातील जंतूंचा नाश करतो आणि द्रव निवाल्यावर आपल्या पसंतीचे यीस्ट घालतो. इडलीच्या पिठात काहीच उकळलेले नसते. चांगले आणि वाईट, दोन्ही प्रकारचे जंतू आरंभी तेथे हजर असतात. त्यांतील कोणाची सरशी व्हावी, हे तापमान, पाणी, मीठ आणि वेळ या चार लगामांनीच ठरवावे लागते.

बनशंकरीची हवा

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान साधारणतः १५-१६ अंश सेल्सियसपर्यंत उतरते. पिठाला २८ ते ३२ अंश तापमान मानवते. तापमान दहा अंशांनी उतरले, की अशा क्रियांचा वेग स्थूलमानाने निम्मा होतो. म्हणजे जे पीठ २८ अंशांवर नऊ तासांत तयार होते, त्याला १८ अंशांवर सुमारे अठरा तास लागतील. म्हणून थंडीत पीठ रात्री आठऐवजी दुपारी वाटून ठेवावे, हा सर्वांत सोपा उपाय होय. तसे जमत नसल्यास पातेले कोमट पाण्याच्या परातीत ठेवावे किंवा जाड कापडात गुंडाळावे. आदल्या खेपेचे चांगले पीठ चमचाभर विरजणासारखे मिसळल्यासही क्रिया लवकर सुरू होते. पातेले गरम शेगडीवर मात्र ठेवू नये; अतिउष्णतेने जंतू मरतात आणि कडेचे पीठ शिजते.

प्रमाण आणि कृती

नवशिक्याने तीन वाट्या उकड्या तांदळास एक वाटी उडीद डाळ, हे प्रमाण धरावे. दोन्ही वेगवेगळी, चार ते सहा तास भिजवावी. डाळीबरोबर चमचाभर मेथी भिजवल्यास तिच्या चिकटपणाचाही उपयोग होतो. डाळ थोड्या थोड्या पाण्याने इतकी हलकी वाटावी, की तिचा गोळा पाण्यात टाकला असता तरंगावा. तांदूळ बारीक रव्याएवढा जाडसर ठेवावा. मिक्सरमध्ये वाटताना पीठ तापते, म्हणून पाणी गार घ्यावे. दगडी रगड्यात ही अडचण कमी येते. नळाच्या पाण्याला क्लोरिनचा उग्र वास असल्यास ते उकळून निववावे. पातेले निम्मेच भरावे.

मिठाचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलावे लागते. मीठ जंतूंचा वेग आवरते. म्हणून थंडीत ते पीठ आंबल्यावर घालावे, तर एप्रिल-मेमध्ये आधीच घालावे.

दोष कसे ओळखावेत?

पीठ फुगले नाही, बुडबुडे नाहीत आणि वास कच्च्या डाळीचा आहे, तर क्रिया अद्याप सुरूच झालेली नाही. अशा वेळी ऊब द्यावी आणि थांबावे.

पीठ आंबट झाले, बुडबुडेही आहेत, पण ते वर चढले नाही, तर वायू निसटला असे समजावे. डाळ जुनी असणे, ती कमी वाटली जाणे किंवा पाणी जास्त होणे, ही त्याची कारणे. अशा पिठाचे डोसे वा उत्तप्पे चांगले होतात. पुढील खेपेस डाळ नवी घ्यावी आणि पाणी कमी करावे.

पीठ चढून खाली बसले आणि फार आंबट लागू लागले, तर वेळ अधिक झाला. पुढच्या वेळी ते दुपटीच्या आसपास फुगताच शीतकपाटात ठेवावे. आंबटपणा मारण्यासाठी सोडा घालण्याची प्रथा आहे. परंतु जास्त सोड्याने साबणासारखी चव येते आणि पिठातील थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. रवा इडलीत दही व सोडा यांच्या संयोगातून वायू निघतो. ती वेगळी कृती आहे. न आंबलेल्या पिठाला सोड्याने फुगवता येते, पण त्याला आंबवणाची चव येत नाही.

इडल्या टणक झाल्या, तर डाळ थोडी वाढवावी. चिकट झाल्या, तर तांदूळ अधिक जाडसर ठेवावा. मात्र बंगळुरात आणखी एक कारण संभवते. या उंचीवर पाणी सुमारे ९७ अंशांवरच उकळते, त्यामुळे वाफही तेवढीच तापलेली असते. मुंबईत दहा मिनिटांत होणाऱ्या इडलीला येथे एकदोन मिनिटे अधिक द्यावीत आणि काढण्यापूर्वी ती थोडी निवू द्यावी.

पिठावर गुलाबी, हिरवे वा काळे डाग दिसले, केसाळ बुरशी आली किंवा कुजका वास आला, तर मात्र दुरुस्तीचा विचार करू नये. वरचा थर काढून उरलेले वापरणेही धोक्याचे आहे. इडली लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांना मुद्दाम दिली जाते, हे ध्यानात ठेवून ते सर्व पीठ टाकून द्यावे आणि भांडे उकळत्या पाण्याने धुवावे.

एका वेळी एकच बदल

एकदा पीठ फसले, की डाळ, पाणी, मीठ आणि जागा सर्व एकदम बदलण्याचा मोह होतो. मग पुढचे पीठ साधले तरी ते कशामुळे, हे कळत नाही. त्याऐवजी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वाटल्याची वेळ, स्वयंपाकघराचे तापमान आणि पीठ दुप्पट होण्यास लागलेले तास वहीत टिपावेत. थंडी, उन्हाळा आणि पावसाळा अशा तीन ऋतूंच्या नोंदी झाल्या, की त्या घराचे स्वतःचे प्रमाण तयार होते. पाककृती एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते, पण हवा नेता येत नाही. म्हणून नव्या ठिकाणी घड्याळापेक्षा पिठाकडे पाहूनच वेळ ठरवणे श्रेयस्कर होय.