रानांतील बोली आणि दूरचें यंत्र

गडचिरोली जिल्ह्यांत चामोर्शीजवळ मार्कंडा येथें वैनगंगा उत्तरवाहिनी होते. तीरावर मार्कंडदेवाचीं जुनीं, शिल्पांनीं भरलेलीं देवळें आहेत आणि महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. यात्रा म्हणजे केवळ देवदर्शन नव्हे. कोणाचें लग्न जुळलें, कोण वारलें, कोठें धान बुडालें, ही वार्ता अशा गर्दींतच एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाते. पण यात्रा वर्षांतून एकदां. सुखदुःखें मात्र रोजचीं. टपाल, तार, वृत्तपत्रें हीं साधनें होतीं खरीं. परंतु तीं सारीं अक्षर ओळखणाऱ्यांचीं. अरण्यांत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या निरक्षर मनुष्यास त्यांचा उपयोग दुसऱ्याच्या हातानेंच व्हावयाचा.

संगणक आला तोहि प्रथम लिहितां येणाऱ्यांचा चाकर म्हणून. ही अडचण ओळखून, पूर्वी बीबीसींत वार्ताहर असलेले शुभ्रांशु चौधरी यांनीं २०१० सालीं, गडचिरोलीच्या पूर्वेस लागून असलेल्या छत्तीसगडांत, ‘सीजीनेट स्वर’ नांवाचा उपक्रम आरंभिला. त्याची रीत अगदीं साधी होती. खेडुतानें आपल्या साध्या मोबाईलवरून बेंगळूरच्या एका क्रमांकास हांक द्यावी. तेथील संगणक ती हांक तोडून स्वतःच उलट फोन करी. त्यामुळें खर्च खेडुतावर पडत नसे. मग यंत्रांतून आवाज येई: सांगावयाचें असल्यास एक दाबा, ऐकावयाचें असल्यास दोन. सांगितलेलें निवेदन संपादक तपासून पाहत आणि नंतर तें सर्वांस खुलें होई.

कोणी विचारील, आवाज संगणकांत सांठतो तरी कसा? बोलण्यानें हवेंत लाटा उठतात. टेलिफोनच्या यंत्रणेंत त्या लाटेची उंची एका सेकंदांत ८,००० वेळां मोजली जाते, आणि प्रत्येक माप २५६ पायऱ्यांपैकीं एक पायरी म्हणून आंकड्यांत उतरतें. तो आंकडा गोंडीचा कीं इंग्रजीचा, हें यंत्राला ठाऊक नसतें. यंत्राचा हा अडाणीपणाच येथें उपकारक ठरला.

लेखनाचें मात्र तसें नाहीं. लिहिण्यासाठीं प्रत्येक अक्षराला सर्व जगांत मान्य असा एक क्रमांक लागतो. नाहींतर एका यंत्रावरचें लिखाण दुसऱ्यावर उमटत नाहीं. युनिकोड नांवाच्या या यादींत देवनागरी १९९१ सालापासून आहे, म्हणून पुण्या-मुंबईच्या घरांतून दिवाळीचे संदेश मराठींत सुखेनैव जातात. बालाघाटच्या मुनशी मंगलसिंह मसराम यांनीं १९१८ सालीं रचलेल्या गोंडी लिपीस तेथें स्थान मिळालें तें २०१७ सालीं. आदिलाबादकडील गुंजाळा लिपीस २०१८ सालीं. २०११ च्या जनगणनेप्रमाणें सुमारें ३० लक्ष लोकांची ही भाषा. ती तेलुगूच्या कुळांतील, पण अनेक राज्यांत विखुरलेली. एकीकडचा गोंड दुसरीकडच्या गोंडाचे कित्येक शब्द समजूं शकत नाहीं. लिपी दोन झाल्या, बोली अनेक राहिल्या. अशा स्थितींत आधीं लिपीचा वाद मिटवून मग बोलूं म्हणणाऱ्यांपेक्षां आधीं बोलूं लागणारे अधिक शहाणे म्हटले पाहिजेत.

तरीहि बोलणें म्हणजे ऐकिलें जाणें नव्हे. मजुरी थकली, हातपंप बिघडला, अशी तक्रार नोंदविणारा बहुधा संबंधित अधिकाऱ्याचा फोन क्रमांकहि सांगे, आणि इंटरनेटवर ती ऐकून दूरच्या शहरांतील अनोळखी मंडळी त्या अधिकाऱ्यास फोन करून विचारणा करीत. खेड्यांतल्या एकट्या माणसाला जें उत्तर मिळत नसे, तें या विचारणेनें पुष्कळदां मिळे. परंतु शहरांतल्या श्रोत्यास हिंदी कळे, गोंडी कळत नसे! म्हणजे गोंडी निवेदनास मध्यें दुभाषी लागलाच. आवाज पोहोंचविण्याचें काम यंत्रानें केलें. अर्थ पोहोंचविण्यास दोन्ही भाषा जाणणारा मनुष्यच हवा होता.

आणि जेथें टॉवरच नाहीं तेथें? त्यावर ‘बुल्टू’ ही युक्ति निघाली. ब्लूटूथचें हें गांवठी रूप. इंटरनेटची सोय असलेल्या जागीं ध्वनिमुद्रित कार्यक्रम एकानें आपल्या मोबाईलमध्यें उतरवून घ्यावा, आणि मग गांवांत किंवा आठवडी बाजारांत भेटेल त्याच्या मोबाईलमध्यें, कांहीं पावलांच्या अंतरावरून, तारेवांचून व खर्चावांचून, तो घालावा.