माग, मात्रा आणि माऊस

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या पोराला जकार्ड म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मागाच्या वर बसवलेली ती चौकट आणि तिच्यावरून सरकणारी, दोऱ्याने एकमेकींना ओवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ त्याने घरात नाही तर शेजारच्या कारखान्यात पाहिलेली असते. पट्टीला जिथे भोक असेल तिथला आकडा वर जातो आणि उभा धागा उचलतो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. एक पट्टी म्हणजे धोट्याची एक फेरी. अशा शेकडो पट्ट्या क्रमाने सरकल्या की चादरीवर मोर उतरतो. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली. पुढे सोलापुरी चादरीची नक्षी तिच्याच आधाराने जगभर गेली.

नववीतला मुलगा किंवा मुलगी संगणकावर संगीत करायला पहिल्यांदा बसते, तेव्हा समोरच्या पडद्यावर चौकोनांची एक जाळी उघडते. प्रत्येक आडवी ओळ एका वाद्याची आणि प्रत्येक उभा रकाना काळाच्या एका तुकड्याचा. चौकोन भरला तर वाद्य त्या क्षणी वाजतं, रिकामा ठेवला तर गप्प राहतं. याला स्टेप सिक्वेन्सर म्हणतात. जकार्डच्या पट्टीशी त्याचं नातं थेट इतिहासातलं आहे. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी जकार्डच्याच भोकांच्या पट्ट्या घेतल्या. ते यंत्र कधी पुरं झालं नाही, पण त्याच्याविषयी १८४३ साली अ‍ॅडा लव्हलेसने जी टिपणं लिहिली त्यांत दोन गोष्टी आहेत. जकार्डचा माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल, ही एक. आणि स्वरांमधले संबंध नियमांत मांडता आले तर हे यंत्र संगीतही रचू शकेल, ही दुसरी. माग, संगणक आणि संगीत एकाच टिपणांत आले ते असे. त्यानंतर ११४ वर्षांनी, १९५७ मध्ये, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या संगणकाकडून स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने संगीत वाजवून घेतलं. ते जेमतेम १७ सेकंदांचं होतं. त्या काळात यंत्राला सूचना द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कार्डांवरूनच.

म्हणून संगणकावरचं संगीत हे पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतलं, आपल्या पोरांना न परवडणारं प्रकरण आहे असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या भोकांच्या पट्ट्या वाचल्या, त्या गावाला ही जाळी ओळखीचीच वाटायला हवी.

पोरं तर केव्हाच सुरुवात करून बसली आहेत. गणपतीच्या आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांत जी रिमिक्स वाजतात, त्यांतली किती तरी एफएल स्टुडिओ नावाच्या प्रोग्रॅमवर तयार होतात. तो बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘फ्रुटी लूप्स’ या नावाने निघाला, आणि त्याचा गाभा म्हणजे हीच चौकोनांची जाळी. यूट्यूबवरचे व्हिडिओ थांबवत, मागे नेत, पुन्हा लावत पंधरा-सोळा वर्षांची मुलं तो शिकतात. हे शिक्षणच आहे, फक्त शाळेच्या दप्तरी त्याची नोंद नाही. त्यात कमी एवढीच, की दुसऱ्याचं तयार गाणं घ्यायचं, त्याखाली दुसऱ्याचाच तयार ठेका टाकायचा आणि आवाज वाढवायचा, इथेच बहुतेक जण थांबतात. ताल कसा बांधला जातो, स्वर कुठून येतो, हे सांगणारं कुणी भेटत नाही.

ते सांगायला सुरुवात केरव्यापासून करावी. धा गे न ति न क धि न, मात्रा आठ. जाळीत सहसा सोळा चौकोन असतात, म्हणजे एका मात्रेला दोन. आता एक ओळ डग्ग्याला द्यायची आणि त्याचा घुमारा जिथे ऐकू येतो तेवढेच चौकोन भरायचे. पहिली मात्रा धा, दुसरी गे, आणि मग एकदम सातवी धि. मधला सगळा पट्टा रिकामा. तबल्याच्या वर्गात ‘खाली’ म्हणून जे हात हलवून दाखवतात, ते इथे डोळ्यांना दिसतं. मग त्या रिकाम्या जागेत डग्गा भरून बघायचा. ठेका लगेच जड होतो, आठ मात्रा मोजूनही केरवा हरवतो.

रूपकात याहून मोठी गंमत आहे. ती ती ना, धी ना, धी ना. मात्रा सात. इथे समेवरच खाली येते, म्हणून डग्ग्याच्या ओळीतला अगदी पहिला चौकोन रिकामा राहतो आणि चौथ्या व सहाव्या मात्रेचा भरतो. पण बहुतेक प्रोग्रॅम उघडतानाच चार-चारचा हिशेब धरून उघडतात आणि त्यांचा टिकटिक करणारा मेट्रोनोम पहिल्या ठोक्यावर जोर देतो. सेटिंगमध्ये जाऊन सात करावे लागतात, तो जोर काढावा लागतो. प्रोग्रॅम बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं संगीत आणि आपल्या घरातलं संगीत यांत फरक आहे, हे शिकणाऱ्या मुलांना त्या एका सेटिंगमधून कळतं. आपली लेखनपद्धतही या जाळीपासून दूर नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशी लिहिल्या त्या मात्रांचे रकाने पाडून, खाली सम, टाळी आणि खालीच्या खुणा करून. भातखंड्यांचं पुस्तक आणि संगणकाचा पडदा शेजारी ठेवून शिकवता येईल अशी ही जागा आहे.

स्वरांसाठी माझी शिफारस सॉनिक पाय या प्रोग्रॅमची. केंब्रिजमध्ये सॅम अ‍ॅरन यांनी २०१२ पासून तो शाळांसाठी विकसित केला. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकासाठी तो आधी बनला, पण साध्या विंडोज मशीनवरही चालतो आणि फुकट मिळतो. यात माऊसने चौकोन भरायचे नाहीत, ओळी लिहायच्या. ‘प्ले ६०’ लिहिलं की पांढरी एकचा मधला सा वाजतो. ‘स्लीप १’ लिहिलं की पुढच्या सूचनेपर्यंत एक ठोका थांबायचं. हे ६० कुठून आलं? १९८३ पासून जगभरची वाद्यं आणि संगणक मिडी नावाच्या एका ठरलेल्या भाषेत बोलतात. तिच्यात प्रत्येक सुराला ० ते १२७ मधला एक क्रमांक आहे. मिडीत आवाज मुळीच नसतो. कुठला सूर, केव्हा, किती जोरात, एवढ्याच सूचना असतात. काळी एक ६१, काळी चार ६८.

आता भूप लिहू. ६०, ६२, ६४, ६७, ६९. सा, रे, ग, प, ध. या पाच आकड्यांतून संगणकाला हवा तो निवडायला सांगितलं तर तो तासभर सूर काढत बसेल, आणि एकही सूर भूपाबाहेरचा नसेल. तरी तो भूप होत नाही. कारण देशकारातही हेच पाच सूर आहेत. भूपात वादी गंधार आणि संवादी धैवत, देशकारात नेमकं उलटं. मग मुलांना सांगायचं, की ६४ नंतरचं थांबणं वाढवा, परत परत तिथे या, ऐका. नंतर तो मुक्काम ६९ वर हलवा, उत्तरांगात रेंगाळा, पुन्हा ऐका. राग म्हणजे नुसती सुरांची यादी नव्हे, हे प्रत्येक गुरुजी सांगतात. इथे आठवीतली मुलगी दोन आकडे बदलून ते स्वतः पडताळते. राग पुरता उतरायला मींड हवी, चलन हवं, गुरूसमोर बसणं हवं. पण सुरांवरचा मुक्काम बदलला की काय बदलतं, हे कानात पक्कं बसायला एवढा प्रयोग पुरतो.

त्यातच गंधाराचा प्रश्न निघतो. पेटीवर आणि कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्यामुळे तिथला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. सुरांमधलं अंतर मोजायच्या सेंट या मापात सांगायचं तर सा-पासून ४०० सेंट, आणि तंबोऱ्यातला ३८६. याच स्वरूपाच्या आक्षेपांमुळे आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला दारात उभं केलं नव्हतं. सॉनिक पायमध्ये ६४ च्या जागी ६३.८६ लिहिता येतं. खाली सा धरून ठेवायचा आणि दोन्ही गंधार आळीपाळीने वाजवायचे. फरक सेकंदाला अडीच-तीन कंपनांचाच आहे, पण शांत खोलीत तो कळतो. दशांश अपूर्णांक गणिताच्या तासाला रुक्ष वाटणाऱ्या मुलांना इथे तो कानाने मोजता येतो.

मात्र सगळं पडद्यातूनच येऊ नये. आवाज गोळा करायला सोलापूर जिल्ह्याइतकं श्रीमंत रान कमी ठिकाणी मिळेल. पंढरपूरचे टाळ-पखवाज आहेत, मिरवणुकीतलं लेझीम आहे, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे वाजणारी वाद्यं आहेत. आणि हलगी आहे. हलगी मोबाइलवर रेकॉर्ड करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. फोन तोंडाशी धरला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही प्रोग्रॅमने दुरुस्त होत नाही, म्हणून चार-पाच हात लांब उभं राहायचं. दुसरं, हलगी शेकून ताणलेली असते. गार होत गेली की कातडं सैल पडतं आणि सूर उतरतो. दोन तुकडे जोडायचे असतील तर दोन्ही वेळा वाजवणाऱ्याला शेकू द्यावी, घाई करू नये. बारीक काडीचा आणि जाड टिपराचा ठोका वेगवेगळा घेतला तर ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये कापून जाळीच्या दोन ओळी तयार होतात.

यंत्रमागाचा आवाजही असाच घ्यावा. साधा यंत्रमाग मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा फेकतो. नाचाच्या बहुतेक गाण्यांची लय याच पट्ट्यात असते. ज्या मुलाने रात्रपाळीच्या मागांचा खडखडाट ऐकत अभ्यास केला, त्याच्या कानात ही लय मुरलेली आहे. त्याच्या पहिल्या रचनेचा ठेका तयार लूपच्या दुकानातून कशाला आणायचा?

इथे एक व्यवहाराची सूचना. संगणकावर ठेका हाताने वाजवून भरताना ब्लूटूथचे इअरफोन वापरू नयेत. त्यांत आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही जास्त उशिरा पोचू शकतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे ऐकू येणारा ठोका जवळजवळ पाव मात्रा मागे पडतो. मुलं आपल्यालाच लय नाही असं समजून हिरमुसतात. शंभर-दीडशे रुपयांचा वायरचा इअरफोन बरा.

आणि आवाजाच्या मापाबद्दल. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. कानासाठी ८५ डेसिबल आठ तास हा साधारण काठ मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. जी पोरं पुढे डॉल्बीच्या भिंतीमागे उभी राहणार आहेत, त्यांना हा हिशेब शाळेतच यायला हवा. संगीत करणाऱ्याचे कान हीच त्याची कमाई.

महाराष्ट्रात असा प्रयोग नवा नाही. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेचे हिरवे-पांढरे छोटे संगणक आले. त्या संगणकांसाठी मॉन्ट्रियल विद्यापीठात ज्याँ पिशे यांच्या मार्गदर्शनाखाली टॅमटॅम नावाचा संगीताचा प्रोग्रॅम केलेला होता. त्याआधी, १९८२ साली, मुंबईत चरणजित सिंग यांनी सिक्वेन्सर असलेल्या तेव्हाच्या नव्या जपानी वाद्यांवर दहा राग बसवून एक ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा ती फारशी कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातले संगीताचे जाणकार चकित झाले. आणि सोलापूर जिल्ह्याचं म्हणाल, तर माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुस्तकातल्या कविता त्यामुळे मुलांना मोबाइलवर ऐकू येऊ लागल्या. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. शाळेत संगणकातून आवाज ऐकू येण्यापर्यंत आपण पोचलो आहोत. पुढचं पाऊल मुलांनी तो घडवण्याचं.

शब्द टाइप करताच अख्खं गाणं तयार करून देणारी सुनोसारखी साधनं आता फोनवर आहेत. मुलांनी ती पाहावीत, पण शिकण्याच्या वयात त्यांच्यावर विसंबू नये असं मला मनापासून वाटतं. तिथे रूपकाचा पहिला चौकोन रिकामा का, हा प्रश्नच पडत नाही.

दहावीला शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकलेसाठी वाढीव गुण मिळतात. संगणकावर केलेल्या रचनेला तसं घर अजून नाही. ते होईल तेव्हा होवो. शाळांना त्यासाठी थांबायचं कारण नाही. कॉम्प्युटर लॅबमधल्या जुन्या मशीनवर सॉनिक पाय आणि ऑडॅसिटी चढवायला एक दुपार लागते. संगीताचे आणि संगणकाचे शिक्षक आठवड्यातला एक तास एकत्र बसले तर काम सुरू होतं. दिवाळीची सुट्टी संपली की शाळांत गॅदरिंगची तयारी लागते. दरवर्षी नाचांसाठी सिनेमातली गाणी उतरवून घेतात. यंदा त्यांतल्या एका नाचाला नववीच्या मुलांनी स्वतः केलेलं तीन मिनिटांचं संगीत द्यावं. ठेका हलगीचा असेल तर ज्यांनी ती वाजवून दिली त्यांची आधी परवानगी घ्यावी, थोडं मानधन द्यावं, आणि निवेदकाने मुलांच्या नावांबरोबर त्यांचंही नाव माइकवरून घ्यावं.