उत्तराची घाई न करणारा वर्ग

समुद्राच्या पाण्यापासून मीठ मिळते, हे वाक्य तिसरीतले मूल चटकन पाठ करते. पण भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमधल्या मुलाने ते नुसते पाठ का करावे? भाईंदरची मिठागरे त्याच्या शहरातच आहेत. खारे पाणी दोन ताटल्यांत ओतून एक उन्हात आणि एक सावलीत ठेवावी, मीठ आधी कुठे दिसेल याचा अंदाज मुलांकडून घ्यावा आणि मग रोजची नोंद त्यांनाच करू द्यावी. पाणी कुठे गेले, मीठ मागे का राहिले, पावसाळ्यात मिठागरे बंद का असतात, हे प्रश्न मग आपोआप निघतात. आधी माहीत असलेल्याशी नवा अनुभव जोडत मूल स्वतःचे ज्ञान रचते, हाच ज्ञानरचनावाद. त्याची मांडणी मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि वायगॉट्स्की यांच्या नावाने ओळखली जाते.

ही रीत आपल्याकडे परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. तिथे पाने, बिया, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य होते. अलीकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवले, आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर ही पद्धत गावोगाव पोचली. मात्र पुष्कळ ठिकाणी फरशीवर तक्ते रंगले, साहित्य मांडले गेले आणि शिक्षकाचे बोलणे पूर्वीसारखेच राहिले. रंगवलेली फरशी तपासणीत दिसते, मुलाच्या उत्तरावर विचारलेला ‘तुला असं का वाटलं?’ हा प्रश्न दिसत नाही. माझ्या मते खरा बदल त्या प्रश्नात आहे.

ज्ञानरचनावादावरचा सर्वांत गंभीर आक्षेप संशोधकांचाच आहे. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये मांडले, की नवशिक्या विद्यार्थ्याला फारशा मार्गदर्शनाशिवाय शोधायला सोडले तर त्याच्या स्मरणावर ताण येतो आणि शिकणे कमी होते. हे मान्यच करायला हवे. परंतु अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 164 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मार्गदर्शनाविना शोध मागे पडलेला दिसला, तर मार्गदर्शनासह शोध शिकवण्याच्या इतर पद्धतींपेक्षा सरस ठरला. म्हणजे ताटली कुठे ठेवायची, काय मोजायचे, कोणती नोंद तुलनेला घ्यायची, हे शिक्षकाने आखलेलेच हवे. पाढे आणि वाचनाचा सरावही सुटता कामा नये. अर्थ समजल्यावर केलेला सराव वाया जात नाही.

वेळ आणि पटसंख्या यांची अडचण मात्र खरी आहे. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे म्हणणे ऐकणे एका शिक्षकाला झेपत नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर 30 मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, तो याचसाठी आग्रहाने मागायला हवा. त्याच कायद्यानुसार सरकारी आणि महापालिका शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मीरा-भाईंदरच्या पालकांनी समितीच्या पुढच्या बैठकीत रंगरंगोटीच्या खर्चाआधी शिक्षकसंख्येचा आणि प्रशिक्षणाचा विषय मांडावा.