लेखकाच्या नावाचे डोमेन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोमेन एकदा विकत घेतले की ते कायमचे आपले झाले, हा लेखकांना सर्वांत महागात पडणारा गैरसमज. डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. तो एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी नोंदवता येतो. मुदत संपून नूतनीकरण राहिले, तर सवलतीचे काही आठवडे उलटल्यावर तेच नाव दुसरे कुणीही घेऊ शकते. कॉपीराइटचे तसे नाही. 1957च्या कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, त्यासाठी नोंदणीही सक्तीची नाही. म्हणजे डोमेनमुळे लेखनावरचा हक्क वाढत नाही आणि ते नसल्याने घटतही नाही.

डोमेन म्हणजे वेबसाइट, हेही खरे नाही. मजकूर ठेवायला जागा वेगळी लागते. ब्लॉगरवरच्या मोफत ब्लॉगलाही स्वतःचे डोमेन जोडता येते. मग मोफत पत्ताच का नको? याहूने 2009 मध्ये जिओसिटीज ही मोफत वेबपानांची सेवा बंद केली, तेव्हा तिथली असंख्य पाने आपापल्या पत्त्यांसह गेली. डोमेन स्वतःचे असेल तर मजकूर दुसरीकडे हलवला तरी वाचक जुन्याच पत्त्यावर येतो. डोमेनचा खरा उपयोग हाच. वाचक मात्र ते आपोआप आणत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात पत्ता निवडण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो तो नावांच्या स्पेलिंगमुळे. शहाद्याकडचे, ‘गोधड’चे कवी वाहरू सोनवणे यांचे नाव रोमन लिपीत ‘व्ही’ने लिहावे की ‘डब्ल्यू’ने? सोनवणेमधल्या ‘न’नंतर ‘ए’ घ्यावा की नाही? वसावे, पाडवी या आडनावांचेही तेच. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक आणि पत्त्यात दुसरे स्पेलिंग असले की वाचक चुकतो. देवनागरी पत्ता मिळत नाही, हा समज मात्र जुना झाला. ‘.भारत’ 2014 मध्ये सुरू झाले आणि पहिल्याच टप्प्यातल्या भाषांत मराठी होती. अडचण उरते ती ईमेलची, कारण देवनागरी ईमेल-पत्ता अनेक अर्ज आणि सेवा अजून स्वीकारत नाहीत. म्हणून देवनागरीबरोबर एक रोमन पत्ता असणे सोयीचे.

आपले नाव म्हणजे आपलेच डोमेन, असेही नाही. ब्रिटिश लेखिका जेनेट विंटरसन यांनी 2000 साली आपल्या नावाचे डोमेन लवादातून परत मिळवले. पण त्यासाठी नावाला व्यापारचिन्हासारखी ओळख असल्याचे आणि समोरच्याचा हेतू वाईट असल्याचे सिद्ध व्हावे लागते. वळवी, गावित, पाडवी ही आडनावे घरोघरी असलेल्या जिल्ह्यात समान नावाच्या दुसऱ्या माणसाने ते प्रामाणिकपणे आधी घेतले असेल, तर तक्रारीला आधार राहत नाही.

एकच पुस्तक असलेल्या, इंटरनेटवर क्वचित लिहिणाऱ्या लेखकाला डोमेनवाचून काही अडत नाही. पावरी, मावची किंवा अहिराणीत सातत्याने लिहिणाऱ्याने मात्र ते जरूर घ्यावे. या भाषांतले लेखन शोधणाऱ्याला एक पक्के ठिकाण मिळणे मोलाचे आहे. नोंदणी वेबसाइट करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या नावावर आणि ईमेलवर ठेवू नये. खाते लेखकाच्याच नावावर असावे, आणि नूतनीकरणाची तारीख व पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असावा.