पाना हातात घेतला की यंत्र आपलं होतं

इंजिनाखालचा ड्रेनचा बोल्ट दोन आटे सैल केला, तर घमेल्यात आधी पाणी आलं. पेलाभर, गढूळ, गंजाच्या रंगाचं. त्यामागून काळं ऑईल उतरायला लागलं. पाणी ऑईलपेक्षा जड, त्यामुळे बंद इंजिनात ते तळाशी जाऊन बसतं. बोल्ट हळू उघडला तर ते वेगळं दिसतं, एका झटक्यात काढला तर सगळं एकत्र वाहून जातं आणि आजार कळत नाही. जुना ट्रॅक्टर दुरुस्त करायला बसलेल्या नवख्याचा हा पहिला धडा: आधी बघायचं, मग उघडायचं, आणि सेल्फ मारायची घाई तर मुळीच करायची नाही.

आमच्या गागोदे बुद्रुकच्या खळ्यात कित्येक पावसाळे उभा असलेला हा ट्रॅक्टर म्हणजे बी-275. जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी तो ‘इंटरनॅशनल’. महिंद्र अँड महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास या तिघांनी मिळून 1963 साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि 1965 साली मुंबईच्या कांदिवलीतून पहिला बी-275 बाहेर पडला. मूळ आराखडा इंग्लंडमधला. चार सिलिंडर, डिझेल, पस्तीस घोड्यांची ताकद. 1977 साली ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. आज ट्रॅक्टरच्या संख्येत जगात अग्रणी असलेल्या उद्योगाची सुरुवात या साध्या यंत्रापासून झाली.

साधं म्हणजे कसं, ते उघडल्यावर कळतं. जुन्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. ते आधी बाजूच्या एका छोट्या कप्प्यात पेटतं आणि तिथून आग सिलिंडरमध्ये येते. थंडीत सुरू करताना हीटर का द्यावा लागतो, त्याचं कारण हेच. पुढच्या पिढीत डिझेल थेट सिलिंडरमध्ये जाऊ लागलं, म्हणून नावाला ‘डीआय’ जोडलं गेलं. आपल्या ट्रॅक्टरच्या नावातल्या दोन अक्षरांचा अर्थ कळला की मेकॅनिक काय बोलतो तेही निम्मं कळतं.

नट-बोल्टांचीही अशीच गोष्ट. विलायती आराखड्यामुळे पुष्कळसे बोल्ट इंचाच्या मापाचे. 9/16 च्या बोल्टावर चौदाचा पाना चढत नाही आणि पंधराचा ढिला बसतो. ढिल्या पान्याने जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडा घ्यावा लागतो. म्हणून खर्च करायचाच असेल तर आधी इंचाच्या रिंग पान्यांचा आणि गोटी पान्यांचा चांगला संच घ्यावा. रंग सगळ्यात शेवटी.

आमचं इंजिन जाम होतं. बऱ्याच दिवसांच्या बंद इंजिनात पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला धरतात. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑईल मिसळून ओतलं आणि तीन दिवस तसंच राहू दिलं. मग पुढच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून आधी पुढे, मग मागे, बोटभरही नाही इतकं हलवत राहिलो. पेणहून आलेले वयस्कर मेकॅनिक काका बाजूला बसून एवढंच म्हणत होते, “बाळा, जोर नको करू. त्याला सुटायला वेळ दे.” चौथ्या दिवशी पुली पाव फेरा फिरली. तो पाव फेरा हाताला जाणवला तेव्हा काळीज धडधडलं होतं, हे आजही आठवतं.

त्यानंतर डिझेलची वाट. टाकी काढून धुतली, तळाशी गंजाची पूड आणि चिकट गाळ होता. फिल्टर नवे घातले. नोझल टेस्टला दिले, कारण नोझलने डिझेलचं धुकं करायला हवं. थेंब टपकले तर धूर होतो आणि पिस्टनही जळू शकतो. एअर क्लीनरच्या वाटीतलं जुनं ऑईल चिखल झालं होतं, त्यात उंदराने वाळलेलं गवत भरलेलं. ती वाटी साफ न करता इंजिन सुरू केलं असतं तर धूळ सरळ लायनरवर गेली असती.

मग एअर काढायची. डिझेलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पंप दाब धरत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि शेवटी डिझेलची सलग धार. धार आली की स्क्रू लगेच आवळायचा. मग हेच पंपाकडे, मग नोझलच्या नळ्यांकडे. हे काम ज्याला जमलं, तो भर लावणीत डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला तरी मेकॅनिकची वाट बघत बांधावर बसत नाही.

सुरू करण्याआधी आणखी दोन गोष्टी काकांनी पक्क्या करून घेतल्या. क्लच प्लेट गंजून चिकटली असेल तर पेडल दाबूनही गाडी उडी मारते, म्हणून चाकांना दगड लावले आणि गिअर न्यूट्रलला असल्याची दोनदा खात्री केली. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पंपाची दांडी आत अडकलेली असेल तर इंजिन बेफाम पळतं आणि स्टॉपची तार ओढूनही थांबत नाही. म्हणून एक जण एअर इनटेकच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभा राहिला. हवा तोडली की इंजिन मरतं. ती फळी लागली नाही, पण ती हातात असल्यामुळेच बाकीच्यांना धीर आला.

देशावरच्या ट्रॅक्टरपेक्षा कोकणातल्या ट्रॅक्टरचं दुखणं वेगळं. इथे तो भाताच्या खाचरात लोखंडी चाकं लावून चिखलणी करतो, गुडघाभर पाण्यात तासन्‌तास फिरतो. अॅक्सलचं सील झिजलं की चिखलाचं पाणी गिअरच्या ऑईलमध्ये जातं आणि ऑईल ताकासारखं पांढरट होतं. म्हणून आमच्याकडे इंजिन ऑईलइतकंच मागच्या पेटीचं ऑईलही मोसमाच्या आधी आणि नंतर तपासायला हवं. पुढच्या चाकांच्या हबमध्ये ग्रीस कायम भरलेलं हवं. दमट हवा तारांची टोकं खाते, ब्रेकच्या पेटीत चिखल सुकून दगड होतो. लावणी आटोपल्यावर ट्रॅक्टर धुऊन, सुकवून, ग्रीस मारून ठेवणं म्हणजे पुढच्या वर्षीचा निम्मा खर्च वाचवणं.

गागोदे म्हटलं की लोकांना विनोबा आठवतात. 11 सप्टेंबर 1895 ला ते इथेच जन्मले आणि लहानपण इथे काढून बडोद्याला गेले. पवनारच्या आश्रमात त्यांनी बैलांशिवाय, केवळ हातांनी शेती करण्याचा प्रयोग केला. तरी ते यंत्राचे आंधळे विरोधक नव्हते. उत्पादनाच्या यंत्रांमध्ये माणसाच्या श्रमाला पूरक कोणतं आणि मारक कोणतं, हा भेद ते करत. ट्रॅक्टरने गावातल्या बैलांचं आणि कित्येक हातांचं काम घेतलं, हे खरं आहे आणि ते विसरू नये. पण मला वाटतं, यंत्र पूरक की मारक हे त्याच्या घोड्यांवरून ठरत नाही. ते उघडायचं ज्ञान गावात आहे की नाही, यावरही ते ठरतं. जे बिघडलं की शहरातून माणूस येईपर्यंत मुकं उभं राहतं, त्याचे मालक कागदावर आपण असतो, एवढंच. बी-275 आपल्याला सामावून घेतो: त्याचं झाकण साध्या पान्याने उघडतं, त्याचा बिघाड डोळ्याला दिसतो, कानाला ऐकू येतो, आणि शिकणाऱ्याला तो चुका सुधारायला वेळ देतो.

हीटर दिला, सेल्फ मारला. आधी पांढरा धूर, मग एका सिलिंडरचा ठोका, मग दुसरा, आणि हळूहळू चारही जुळले. फळी घेऊन उभ्या असलेल्याने ती खाली ठेवली. काकांनी ऑईल प्रेशरचा काटा वर आलेला पाहिला आणि ग्रीसगन माझ्या हातात दिली. स्टिअरिंगपासून मागच्या लिंकपर्यंत एकेक निपल पुसून मी ग्रीस भरत गेलो. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन पाठोपाठ नवं दिसलं की पुढचा निपल. मृग लागायला अजून अवकाश होता.