सहा वर्षे पूर्ण म्हणजे नेमके काय?

माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून. त्यांच्या धाकट्या भावाचीही १ जून, आणि शेजारच्या घरातल्या दोघांचीही तीच. आजी सांगायची की वडील पोळ्यानंतरच्या आठवड्यात झाले. आजोबा त्यांना शाळेत घालायला घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी आधी एक परीक्षा घेतली. उजवा हात डोक्यावरून न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. बोटे कानाला टेकली. गुरुजींनी जनरल रजिस्टर उघडले, शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून १ जून लिहिले, सहा वर्षे मागे मोजून साल टाकले, आणि ती तारीख अंकी व अक्षरी अशी कायमची झाली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला शासकीय कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. महाराष्ट्रात ३१ मे रोजी निरोपसमारंभांची एवढी गर्दी का होत आली, याचे कारण अशा रजिस्टरांत सापडते.

कानाच्या त्या परीक्षेला आपण आज हसतो. पण तिच्यामागे थोडे शरीरशास्त्र आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, प्रौढ माणसाचे सुमारे एक अष्टमांश. डोक्याची बरीचशी वाढ पहिल्या काही वर्षांतच उरकते. सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचे वजन प्रौढाच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत पोहोचलेले असते. हातपाय मात्र पुढे कितीतरी वर्षे वाढत राहतात. त्यामुळे डोक्याच्या तुलनेत हात पुरेसा लांब होण्याची वेळ साधारण सहा वर्षांच्या आसपास येते. गुरुजी वय मोजत नव्हते, शरीराचे प्रमाण मोजत होते. इथेच गोम आहे. पोटभर न मिळाल्याने ज्याची उंची खुंटली, त्याचे हातही आखूड राहतात, पण डोक्याचा आकार त्या मानाने टिकून राहतो. असा मुलगा सात वर्षांचा असूनही ‘पुढल्या वर्षी आणा’ हे ऐकून परत गेला असेल. ज्याला शाळेची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ही परीक्षा अडवत होती.

आता जन्मदाखला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच ग्राह्य धरायचा, असा बदल जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात झाला आहे. मात्र शिक्षणहक्क कायद्यातले १४वे कलम विसरू नये. वयाचा पुरावा नाही एवढ्या कारणाने कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेण्यासही या कायद्याने मनाई आहे. म्हणजे कानाची परीक्षाही बाद!

दाखला आला, तारीख अचूक झाली. पण अचूक तारखेने एक वेगळाच प्रश्न उघड केला.

पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण हवीत. कोणत्या दिवशी पूर्ण? त्या दिवसाला शासकीय भाषेत ‘मानीव दिनांक’ म्हणतात. महाराष्ट्रात २०२० साली तो ३१ डिसेंबर ठरला, त्याआधी ३० सप्टेंबर होता. माझी मुलगी १९ डिसेंबर २०१६ची. बारा दिवसांनी ती नियमात बसत होती. घालावे की वर्षभर थांबावे, यावर घरी बरेच दिवस वाद झाला आणि शेवटी ‘वर्ष कशाला फुकट घालवायचे’ या युक्तिवादाची सरशी झाली. २०२२च्या जूनमध्ये ती पहिलीत गेली.

पहिल्या सत्राच्या शेवटी वहीवर शेरा आला. अक्षर वेडेवाकडे, लक्ष लागत नाही, घरी सराव घ्यावा. मी दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडून रोज दोन पाने शुद्धलेखन लिहून घेतले. ती रडायची, मी लिहून घ्यायचो. पुढे पालकसभेला गेलो तेव्हा वर्गाच्या भिंतीवर वाढदिवसांचा तक्ता दिसला. ३८ मुलांत माझ्या मुलीचे नाव सर्वांत शेवटी होते. जिची वही सगळ्यांना नमुना म्हणून दाखवली जाई, ती ६ जानेवारीची. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना ‘तुलना कशाशी करता ते आधी पाहा’ असे बजावणारा मी, दोन महिने साडेपाच वर्षांच्या मुलीची तुलना जवळजवळ साडेसहा वर्षांच्या मुलीशी करत होतो.

गणित फळ्यावर मांडण्याजोगे सोपे आहे. वर्गातले सर्वांत लहान मूल जूनमध्ये साडेपाच वर्षांचे, म्हणजे ६६ महिन्यांचे. सर्वांत मोठे त्याहून सुमारे १२ महिन्यांनी मोठे. ६६ महिन्यांच्या आयुष्यात १२ महिने म्हणजे १८ टक्के. पंधराव्या वर्षी तेच १२ महिने ७ टक्क्यांहून कमी भरतात. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढते, पेन्सिल धरणारी बोटे स्थिरावतात, एका जागी बसण्याची ताकद येते. हे सारे एका वर्षाचे अंतर आपण एकाच बाकावर बसवतो आणि एकाच प्रश्नपत्रिकेने मोजतो.

हे अंतर नंतर आपोआप मिटते का? बेडार्ड आणि ड्यूई या दोन संशोधकांनी २००६ साली अनेक देशांतल्या गणित-विज्ञान चाचण्यांचे गुण तपासले. शंभर मुले गुणांप्रमाणे रांगेत उभी केली, तर चौथीच्या वयात वर्गातली सर्वांत लहान मुले सर्वांत मोठ्यांच्या सरासरीने ४ ते १२ जागा मागे होती, आठवीत २ ते ९ जागा. फरक कमी झाला, पण संपला नाही. तो का टिकतो याचा एक धागा कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत मिळतो. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. बार्नस्ले यांनी १९८५ साली दाखवले की वरच्या स्तरावरच्या खेळाडूंत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले फार, शेवटच्या तिमाहीतले फार थोडे. लहानपणी जो थोडा धिप्पाड, तो संघात निवडला जातो. निवडला की चांगला प्रशिक्षक आणि जादा सराव मिळतो, आणि मग तो खरोखरच वरचढ होतो. आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या जादा तासांना कोणती मुले बसवतात, हे आठवून पाहा.

याहून गंभीर निष्कर्ष २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. अमेरिकेतल्या ज्या राज्यांत प्रवेशाची रेषा १ सप्टेंबर आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांत, अवधान कमी आणि चंचलता जास्त असण्याच्या विकाराचे निदान सप्टेंबरमधल्या मुलांपेक्षा ३४ टक्क्यांनी अधिक आढळले. दर १०,०००मागे ८५ विरुद्ध ६४. जिथे ती रेषा नव्हती, तिथे असा फरक दिसला नाही. विकार महिना पाहून होत नाही. काही मुले केवळ लहान होती आणि त्यांच्या लहानपणाला आजाराचे नाव मिळाले, असाच याचा अर्थ लागतो.

‘मग सगळ्यांनीच वर्षभर थांबावे’ असे काही पालक म्हणतील. अमेरिकेत तसे करणारे बरेच आहेत. पण तुमचे मूल थांबले की दुसऱ्या कुणाचे तरी सर्वांत लहान ठरते. मानीव दिनांक सप्टेंबरवरून डिसेंबरवर नेला तेव्हाही इतकेच झाले. सर्वांत लहान कोण ते बदलले, पण कुणीतरी सर्वांत लहान असतेच. रेषा कुठेही ओढा, तिच्या दोन बाजूंना एका दिवसाच्या अंतराने जन्मलेली मुले वर्षभराच्या अंतराने शिकणार. त्यामुळे प्रवेशाच्या दिवशी पालक काय ठरवतात, याहून जूननंतर शिक्षक काय अपेक्षा ठेवतात याला मी अधिक महत्त्व देतो. इंग्लंडमधल्या काही निवडपरीक्षांत मुलाचे महिन्यांतले वय धरून गुणांत दुरुस्ती करतात. आपण एवढे केले नाही तरी निदान पाहायला हरकत नाही.

पाहण्याचा उपाय तुमच्या कपाटातच आहे. जनरल रजिस्टरातून गेल्या पाच वर्षांत पहिलीत आलेली मुले घ्या आणि जन्ममहिन्यांवरून चार गट करा. मग स्वतंत्र यादी करा. ‘हुशार’ म्हणून कोणाची नावे तोंडात येतात, वर्गप्रमुख कोण, ‘मागे पडतो’ असा शेरा कोणाला. प्रत्येक यादीतले चार गटांचे प्रमाण पूर्ण वर्गातल्या प्रमाणाशी ताडून पाहा. चारही गट सारखे, म्हणजे २५-२५ टक्के असतील, असे गृहीत धरू नका, कारण जन्म वर्षभर सारखे होत नसतात. एका वर्गाच्या आकड्यांवरून निष्कर्षाला धावू नका. जुनी रजिस्टरे तर टाळाच, त्यांत १ जूनचा डोंगर आडवा येईल. आणि हे सारे सरासरीचे बोलणे आहे. डिसेंबरमधले एखादे मूल वर्गात पहिले असेलच, आणि माझ्या मुलीचे अक्षर तर अजूनही वेडेवाकडेच आहे.

गेल्या वर्षी एका शिक्षक-शिबिरात हे सांगत असताना जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, ‘मी जूनमध्येच हजेरीपटावर नावापुढे पेन्सिलीने वय लिहिते.’ त्यांनी पट दाखवला. ५-६, ६-१, ६-५, असे वर्षे आणि महिने. एका नावापुढे मात्र ‘६-३ ते ६-७’ असे होते. विचारले तर म्हणाल्या, आईवडील ऊसतोड कामगार आहेत, दाखला नाही, आई एवढेच सांगते की हा उसाच्या हंगामात झाला. हंगाम नोव्हेंबर ते मार्च धरला, म्हणून दोन टोके लिहिली. मोजमापातली अनिश्चितता आम्ही प्रयोगशाळेत अगदी अशीच लिहितो. त्या मुलाचा प्रवेश जूनच्या पहिल्याच आठवड्यात झाला होता, आणि रजिस्टरात नेहमीची १ जून लिहिण्याआधी बाई जन्मगावच्या ग्रामपंचायतीच्या उत्तराची वाट पाहत होत्या.