धुराड्याची ओढ आणि वाफेचा दाब

वाफेच्या बॉयलरमधला दाब म्हणजे जमाखर्चाची शिल्लक. आगीने जेवढी वाफ तयार होते ती जमा, कारखान्यात जेवढी वापरली जाते तो खर्च. खर्च वाढला की काटा खाली येतो, घटला की वर चढतो. सेफ्टी व्हॉल्व्ह दाब ठरावीक मर्यादेपुढे जाऊ देत नाही, पण तो उघडतो तेव्हा इंधन जाळून केलेली वाफ आकाशात जाते. घसरणारा दाब सावरणे तर त्याच्या हातातच नाही. म्हणून दाब राखायचा तो आगीपाशी. जाळीवर लाकूड, कोळसा किंवा चिपाड पसरलेले असते तेव्हा ते किती वेगाने जळेल हे मुख्यतः हवेवर अवलंबून असते. भट्टीतून वाहणाऱ्या हवेची आणि धुराची ही ओढ म्हणजे ड्राफ्ट. दाब पाहून ती आपोआप कमीजास्त करणारी व्यवस्था म्हणजे स्वयंचलित ड्राफ्ट नियंत्रण.

ओढ निर्माण होते ती वजनातल्या फरकामुळे. धुराड्यातला गरम धूर हलका असतो आणि बाहेरची हवा जड. ३० मीटर उंचीचे धुराडे, त्यात २५० अंश सेल्सिअसचा धूर आणि बाहेर ३० अंशांची हवा असेल, तर समुद्रसपाटीला सुमारे १४.७ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढी ओढ मिळते. थंडीच्या पहाटे, बाहेर १५ अंश असताना, तीच साडेसोळापर्यंत जाते. तेच धुराडे सुमारे ४५० मीटर उंचीवरच्या जव्हारला उभे केले तर हवा पाचेक टक्के विरळ असल्याने ओढ १४ मिलिमीटरवर येते. शिवाय तेवढ्याच हवेत प्राणवायूही पाच टक्के कमी. उंचीवर भट्टी बांधताना हा हिशेब सोडून चालत नाही. जव्हार-मोखाड्याच्या घराघरांत नागलीची भाकरी भाजताना फुंकणीने जाळ वाढवतात, लाकूड मागे ओढून तो उतरवतात. बॉयलरमध्येही हेच करायचे असते. फरक एवढाच, की चुलीपुढे बसलेल्या बाईला भाकरी समोर दिसते. बॉयलरमधली वाफ कोणालाच दिसत नाही, दिसतो तो फक्त काटा.

धुराच्या वाटेवर बसवलेला डॅम्पर, म्हणजे फिरणारी किंवा वरखाली सरकणारी लोखंडी झडप, हे या कामाचे सर्वांत जुने साधन. साखळी ओढली की वाट मोकळी होते, सोडली की आवळते. पण आग काही दिव्यासारखी बटणावर चालत नाही. डॅम्पर उघडल्यावर इंधनाचा थर पेटायला, ती उष्णता पाण्यात उतरायला आणि काटा हलायला काही मिनिटे जातात. बंद केल्यावरही थर धगधगत राहतो. नवशिका माणूस काटा पडलेला पाहून डॅम्पर पुरता उघडतो, दाब जागेवर आला की पुरता मिटतो. तोवर काटा वर निघून गेलेला असतो. मग हेलकावे सुरू होतात. जुना फायरमन काटा हलण्याआधीच ज्वाळेचा रंग पाहून हात चालवतो. यंत्राला शिकवायची होती ती हीच गोष्ट, आणि तिला तीनशे वर्षे लागली.

आगीने स्वतःच आपली हवा मोजून घ्यावी ही कल्पना बॉयलरपेक्षा जुनी आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याच्या भट्टीत उष्णतेने फुगणाऱ्या द्रवाच्या जोरावर झडप हलवली. जेम्स वॉटच्या काळात ती बॉयलरवर आली. त्या वेळचे बॉयलर फार कमी दाबाचे होते. बॉयलरच्या पाण्यात बुडवलेली एक उभी नळी वर काढली की दाबाप्रमाणे पाणी तिच्यात चढे. दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलो दाब असेल तर तीन मीटर. या नळीत एक तरंगता गोळा असे आणि त्याची साखळी कप्पीवरून थेट डॅम्परला बांधलेली असे. दाब वाढला की गोळा वर येई, डॅम्पर खाली बसे, आग मंदावे. लीड्सच्या मॅथ्यू मरे याने १७९९ मध्ये बॉयलरच्या वाफेवर चालणाऱ्या छोट्या सिलिंडर-पिस्टनने डॅम्पर हलवण्याचे पेटंट घेतले. पुढची वाट मरेचीच ठरली, कारण दाब सात-दहा किलोंवर गेल्यावर वॉटच्या नळीला सत्तर-शंभर मीटर उंची लागली असती.

एकोणिसाव्या शतकातल्या नियंत्रकात वाफ एका पडद्यावर किंवा पिस्टनवर दाब देते आणि समोर वजन लावलेला तरफेचा दांडा असतो. दाब वजनाला भारी पडला की दांडा उचलला जातो, पाण्याच्या दाबावर चालणारा सिलिंडर डॅम्पर मिटतो. नको असलेली एक गोष्ट या यंत्रांनी लवकर दाखवून दिली. डॅम्पर पूर्ण मिटला तर इंधन जळायचे थांबत नाही, अर्धवट जळू लागते. काळा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड वायू भट्टीत साचतात, आणि झडप पुन्हा उघडल्यावर हवा मिळताच त्यांचा भडका उडतो. म्हणून डॅम्परला एक खुंटी असते. तिच्यापलीकडे तो मिटतच नाही.

याच सुमारास दाब अजिबात न मोजता ड्राफ्ट आपोआप राखणारे यंत्र मोखाड्याच्या शेजारून धावत होते. मोखाड्याहून खोडाळा-विहीगावमार्गे उतरले की कसारा येते, आणि कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढतो थळ घाट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हा घाट १८६५ मध्ये वाहतुकीला खुला केला. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर एक मीटर उंची. या चढावर वाफेच्या इंजिनाला जे साधत होते ते त्याच्या धुराड्याखालच्या एका नळीमुळे. सिलिंडरमध्ये काम करून बाहेर पडणारी वाफ पुढच्या धूरपेटीतल्या ब्लास्ट पाइपमधून उंच झोताने वर सुटते, जाताना धूर ओढून नेते, आणि त्या पोकळीने भट्टीत हवा खेचली जाते. इंजिन जितके जोर लावते तितकी जास्त वाफ बाहेर पडते, तितकी ओढ वाढते, तितकी आग भडकते. खर्च झालेली वाफच नव्या वाफेची सोय करून जाते. आगगाडीच्या छुकछुक आवाजाचा प्रत्येक ठोका म्हणजे आगीला बसणारा एक हिसका.

या व्यवस्थेलाही मर्यादा होत्या. घाटात झोत इतका कडक होई की अर्धवट जळलेला कोळसा ठिणग्या होऊन धुराड्यातून उडे. उतारावर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरला वाफ देणारी झडप, मिटला की झोत थांबे आणि ओढ संपे. अशा वेळी बोगद्यात शिरताना आगीची जीभ उलटून ड्रायव्हर-फायरमनच्या अंगावर येण्याचा धोका असे. त्यासाठी ब्लोअर नावाची वेगळी वाफेची नळी आधी उघडावी लागे. १९३० च्या सुमारास या घाटात विजेची इंजिने आली आणि ही काळजी उरली नाही. तत्त्व मात्र टिकले: दाब पडण्याची वाट न पाहता मागणी वाढताच आग वाढवायची.

मुंबईच्या गिरण्यांत तशी घाई नव्हती. कावसजी दावर यांच्या ताडदेवच्या गिरणीचे काम १८५६ मध्ये सुरू झाले, आणि पुढे गिरण्यांत लँकेशायर बॉयलर सर्रास बसले. मोठ्या लँकेशायर बॉयलरच्या पोटात वीस टनांच्या आसपास पाणी मावते. एवढा साठा असला की अचानक वाढलेली मागणी तो बराच वेळ पोसतो. गिरणगावात दाबापेक्षा धुराचा प्रश्न मोठा ठरला, आणि १९१२ मध्ये मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा आला. त्यानंतर योग्य ड्राफ्ट हा शेजाऱ्यांच्या श्वासाचाही विषय झाला.

धुराड्याची नैसर्गिक ओढ पुरेनाशी झाल्यावर पंखे आले. एफडी फॅन खालून हवा ढकलतो, आयडी फॅन धूर ओढून धुराड्यात टाकतो. दोन्ही असले की त्याला बॅलन्स्ड ड्राफ्ट म्हणतात. इथे जुन्या डॅम्परचे काम दोघांत वाटले जाते. वाफेचा दाब पाहून हवा किती द्यायची हे एफडी ठरवतो. आयडीला दाबाशी देणेघेणे नसते. भट्टीत वातावरणापेक्षा दोन ते पाच मिलिमीटर कमी दाब ठेवणे हेच त्याचे काम. बॉयलरवरची माणसे म्हणतात, ‘भट्टी मायनसमध्ये पाहिजे.’ ती प्लसमध्ये गेली की दरवाजाच्या फटींतून ज्वाळा आणि राख बाहेर येते. फार मायनसमध्ये गेली की त्याच फटींतून थंड हवा आत शिरते आणि उष्णता धुराड्यावाटे जाते. हे मोजायला काचेची यू आकाराची नळी आणि थोडे पाणी पुरते. साडेदहा किलोच्या बॉयलरची तब्येत दोन मिलिमीटर पाण्यात दिसते, ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

साडेदहा किलो हा आकडा पालघर जिल्ह्यातल्या तारापूर औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी नेहमी ऐकू येतो. भारतातल्या असंख्य लहान बॉयलरांचा कमाल दाब १०.५४ किलो, म्हणजे जुन्या मोजणीत १५० पौंड. कापड रंगवणाऱ्या कारखान्यात दोन-तीन यंत्रे एकदम तापवायला घेतली की वाफेची मागणी झटक्यात वाढते. दाब दहावरून सातवर आला तर वाफेचे तापमान सुमारे १८३ अंशांवरून १७० वर उतरते, रंगाचे पाणी तापायला वेळ घेते. त्याहून वाईट म्हणजे दाब झपाट्याने पडला की बॉयलरमधले पाणी फसफसून फुगते, काचेत पातळी भलतीच वर दिसते आणि वाफेबरोबर पाणी लाइनीत जाते. अलीकडे डॅम्पर आवळण्याऐवजी पंख्याचा वेगच बदलतात. पंख्याची शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. या एका बदलाने लहान कारखान्यांना जेवढा फायदा होतो, तेवढा महागड्या संगणकाने होत नाही.

साखर कारखान्यात हेच काम सर्वांत अवघड होते. प्रवरानगरला १९५० मध्ये सुरू झालेल्या सहकारी कारखान्यापासून पुढे महाराष्ट्रभर बॉयलरच्या अग्निप्रदीपनाने हंगामाची चाहूल लागते. पूजा होते, मग मोळी पडते. त्या भट्टीत जाणाऱ्या चिपाडात, म्हणजे बगॅसमध्ये, जवळपास निम्मे पाणी असते, आणि ते प्रमाण तासातासाला बदलते. गाळप थांबले की इंधनही थांबते. ओले बगॅस आले, दाब घसरला, आणि नियंत्रकाने मुकाट्याने हवा वाढवली, तर जादा हवेने भट्टी आणखी थंड होते आणि दाब आणखी घसरतो. म्हणून हवा एकटी वाढवायची नसते. धुरातला उरलेला प्राणवायू मोजून, इंधन आणि हवा यांची जोडी जमवूनच ड्राफ्ट बदलावा लागतो.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांखाली, समुद्राकाठी डहाणूला, हा विषय आपल्या सर्वांत मोठ्या रूपात दिसतो. तिथले औष्णिक वीज केंद्र बीएसईएसने उभारले. १९९५ पासून ते वीज देते आहे. २५० मेगावॉटचे दोन संच, धुराडे सुमारे २७५ मीटर. इथे कोळसा जाळीवर पडून राहत नाही; पिठासारखा दळून हवेबरोबर भट्टीत फुंकला जातो आणि काही सेकंदांत जळून जातो. अशा पद्धतीच्या बॉयलरमध्ये आगीचा साठा नसल्यामुळे नुसत्या ओढीने दाब राखता येत नाही. संचावर वीज किती मागितली आहे हा इशारा आधी पोहोचतो, इंधन आणि हवा त्याप्रमाणे हलतात, आणि वाफेचा दाब मागाहून चूक दुरुस्त करतो. थळ घाटातल्या इंजिनाची मागणीची चाल आणि वॉटच्या गोळ्याची दाबाची चाल इथे एकत्र काम करतात. आग वाढवताना हवा आधी वाढते, मग इंधन. कमी करताना इंधन आधी कमी होते, मग हवा. मध्येच आग विझली तर भट्टीतला गरम धूर एकदम आकसतो. आयडी फॅन त्याच जोराने ओढत राहिला तर भट्टीच्या भिंती आत खेचल्या जाऊ शकतात. म्हणून इंधन तुटल्याचा इशारा मिळताच, भट्टीचा दाब पडण्याआधीच, त्याला मागे घेतात.

एवढे सगळे ज्यावर उभे असते ते भोक मात्र बोटाएवढे असते. भट्टीचा दाब नियंत्रकापर्यंत नेणारी नळी राखेने बुजली की नियंत्रकाला खोटा आकडा मिळतो, आणि तो खोट्या आकड्यावर मन लावून काम करतो. पंखे दमतात, भट्टी प्लसमध्ये जाते, आणि पडद्यावर मात्र सगळे ठीक दिसते. ही नळी नियमित झाडावी लागते, यू नळीतले पाणी पाहून पडद्यावरचा आकडा ताडून घ्यावा लागतो, डॅम्परचा सांधा हाताने हलवून पाहावा लागतो. लहान कारखान्यांत ही कामे सर्वांत आधी टाळली जातात, आणि मग ‘ऑटो चालत नाही’ म्हणून नियंत्रक कायमचा हातावर टाकला जातो. दोष नियंत्रकाचा नसतो.

१९२३च्या भारतीय बॉयलर कायद्याने घालून दिलेली तपासणीची चौकट त्याची जागा घेणाऱ्या २०२५च्या कायद्यातही कायम आहे. महाराष्ट्रात बाष्पके संचालनालय ही तपासणी करते आणि बॉयलर अटेंडंटची परीक्षाही घेते. जव्हार-मोखाड्यातून कामासाठी खाली उतरणाऱ्या तरुणांनी या परीक्षेची चौकशी जरूर करावी. नियंत्रक कितीही नवा असो, बॉयलरपाशी प्रमाणपत्र असलेला माणूस लागतोच.